शेवटच्या कडव्यातलं नाव

३ जून १९९८, टांगा बंदर

सेफू कॉलेजातून टेपरेकॉर्डर घेऊन आला. हेमेदींचा, म्हणजे ह्यांचा, जुना विद्यार्थी. ह्यांचे निबंध छापून झालेत, शाळेत शिकवलेही जातात — त्यांची काळजी नाही. पण ‘खाडीकाठची विहीर’ गायची कविता. ह्यांनी ती कधी कागदावर उतरवलीच नाही. लग्नात बाया गातात आणि शेवटचं कडवं गाळतात, कारण तोवर ढोल सुरू होतो. आमच्याकडे कवी आपलं नाव घालतो ते नेमकं शेवटच्या कडव्यात. ते गळलं की कविता बेवारशी. आता शेजारच्या पांगानी गावचा एक गवई म्हणतो, कविता माझीच!

“गुरुजींनी स्वतः पूर्ण म्हणायला हवी, मावशी. नावासकट. तुम्ही सुचवायचं नाही, तरच टेप पुरावा ठरेल.”

त्याला सांगावं लागलं — गेल्या रमजानपासून हे कोणालाच ओळखत नाहीत. मलाही नाही.

४ जून

जमलं नाही. हे मला म्हणाले, “हा कोण, जनगणनेवाला? सांग त्याला, घरात कोणी नाही.”

६ जून

कडू कॉफी झाली आणि अचानक ह्यांचा आवाज लागला. तोच आवाज — तो ऐकायला मी कॉन्व्हेंटच्या कुंपणाशी रेंगाळायची. सिस्टर बेनेडिक्ता म्हणायच्या, “म्वानाइदी, तो मास्तर तुला जेवायलासुद्धा कविताच वाढेल.” लग्नानंतर काही महिने वाढल्याही ह्यांनी.

कडव्यामागून कडवं. एक शब्द चुकला नाही. शेवटच्या कडव्यात मात्र थांबले. “ही गुंफण ज्याची, त्याचं नाव…” माझ्याकडे पाहत राहिले. ओठावर आलेलं नाव मी गिळलं. सेफूने टेप बंद केली.

“बाई, माझं नाव काय हो?”

सांगितलं.

“बरं आहे,” म्हणाले.

७ जून

सेफू उद्या दुपारच्या बसने परत जाणार. जाण्याआधी एकदा बघू म्हणतो. तातू चिडली. “आई, पुरे की आता. बाबांना काय फरक पडतो?”

मला पडतो. पोरीला ते कसं सांगू?

८ जून

पूर्ण म्हणाले. नावाच्या जागी, न अडखळता — म्वानाइदी. चालीतही बसलं.

“टेप पुसू का, मावशी?” सेफूने हळूच विचारलं.

नको म्हटलं.