वरचं तळं

१४ सप्टेंबर, रविवार
सु.चा फोन. दसऱ्याला येत नाही. वरचं तळं भरायला उशीर झालाय, ते भरेपर्यंत साइट सोडता येणार नाही. तिकीट रद्द केलं म्हणाली. मी "ठीक आहे" म्हणालो. लग्न झाल्यापासून माझा संसार या दोन शब्दांवर चाललाय. ठीक काहीच नव्हतं.

फोन ठेवल्यावर तिच्यासाठी दळून आणलेली कॉफी डब्यात भरली. दोघांची आहे, एकट्याला महिनाभर पुरेल.

१५ सप्टें., सोम.
स्टाफरूममध्ये पुन्हा तोच प्रश्न. सर, मॅडम तिकडं नक्की करतात काय? भूगोलाचा मास्तर असल्याने फळ्यावर काढूनच दाखवलं. एवढंसं बेट, तेवढाच देश. दिवसा ऊन आणि वारा नको इतका, अंधार पडला की मात्र बोटीने आणलेलं डिझेल जाळायचं. म्हणून डोंगरावर एक तळं, पायथ्याशी एक. दिवसा जास्तीच्या विजेने पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून वीज परत घ्यायची. पाणी चढवणारी-उतरवणारी यंत्रं आमच्या हिच्या ताब्यात.

सगळे "वा" म्हणाले. घरी आलो. दिवा लावायचाही कंटाळा आला होता. अंधारातच दहीभात खाल्ला.

१७ सप्टें., बुध.
समोरच्या पद्मम्मा गेटवर, त्यांच्या कानडी मिसळलेल्या मराठीत. "सर, ह्या वर्षी तरी गोंबे मांडणार का? दोन वर्षं पोरी तुमच्या गेटवरून परत जातात. बरं दिसत नाही नोडी."

इथं म्हैसुरात नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, आमच्याकडे त्या दरवर्षी सु. मांडायची. मी फक्त माळ्यावरून ट्रंक काढून द्यायचो आणि कंबर धरून बसायचो. पण नाही कसं म्हणणार? हो म्हणालो. हात दाखवून अवलक्षण. संध्याकाळी दोन ताटांत माती घालून नाचणी पेरली. बाहुल्यांपुढचा डोंगर हिरवा हवा ना.

२० सप्टें., शनि.
ट्रंक काढली. बाहुल्या सु.च्या जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेल्या. एकेक सोडवत गेलो आणि खोलीभर तिच्या कपाटाचा वास झाला. 

सगळ्यांत खाली राजा-राणी. लग्नात तिच्या आईने दिलेली लाकडी जोडी. आधी ती मांडायची, मग बाकीच्या. राजाचं नाक मागंच उडालंय. आमचे पूर्वज म्हैसूरच्या नाकं कापणाऱ्या फौजेत होते असं वडील सांगायचे. राजाकडे बघून खरं वाटतं.

बाहुल्या ठेवायच्या पायऱ्यांच्या खाली सु. दर वर्षी एक देखावा करायची. एकदा कावेरीकाठचं तलकाड केलं होतं, खरी वाळू आणून, देवळं अर्धी पुरलेली. मी यंदा तिचं बेट करणार.

२२ सप्टें., सोम.
मांडलं. विटा आणि बागेतली माती रचून वरच्या पायरीइतका डोंगर, त्यावर नाचणीचे कोंब. वर परात, खाली जुनं घंगाळ. फिशटँकच्या दुकानातला पंप. मधे शाळेच्या लॅबमधला छोटा डायनॅमो आणि एक दिवा. पाणी सोडलं की दिवा लागतो. मिणमिणता, पण लागतो.

संध्याकाळी पोरी आल्या. "गोंबे कूरिसिद्दीरा?" बाहुल्या बसवल्यात का, ही हाक दोन वर्षांनी दारात. त्यांना आत घेतलं.

बाहुल्या बघून झाल्या की चरपु म्हणून खाऊ द्यायचा असतो आणि तो रोज वेगळा. मला हरभऱ्याची उसळ येते. आज हरभऱ्याची उसळ दिली.

नववीतली मेघना दिव्याकडे बघत राहिली. "सर, पंपाला जास्त करंट लागतो अल्वा? मग फायदा काय?"
"घातलेलं सगळं परत मिळत नाही. पण हवं तेव्हा मिळतं."
तिला पटलं नाही. मलाही ते वर्गातलं उत्तर वाटलं.

२४ सप्टें., बुध.
सु.ला फोटो पाठवले होते. फोन आला तो हसतच. "अहो, तुमचं वरचं तळं कडेला गेलंय, घसरेल." 

मग म्हणाली, वीजकेंद्र सुरू झालं तरी मला सोडणार नाहीत. अजून तीन वर्षं थांबा म्हणतात. इथल्या पोरांना यंत्रं शिकवायला हवीत. नाहीतर बाहेरचे लोक गेले की सगळं सुम्ने, नुसतंच पडून राहील.

"तू काय म्हणालीस?"
"तुम्हाला विचारते म्हटलं. तुम्ही या ना इकडे."
"मी येऊन काय करू? तू कंट्रोल रूममध्ये, आणि मी?"
"माझ्याबरोबर राहाल."

ठीक आहे, बघू, म्हणालो आणि फोन ठेवला. इथं बस कंडक्टरसुद्धा मला सर म्हणतो. तिथं मी कोण? मॅडमचा नवरा. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत, ती सोडून परक्या गावात बायकोची वाट बघत बसायचं. वाट बघायचीच तर इथं काय वाईट?

हे लिहिलं खरं. इथंही वाईटच आहे.

२६ सप्टें., शुक्र.
सगळं वाटोळं.

दोन दिवस डोकं फिरलेलं. आज पोरी यायच्या आधी पंप पूर्ण सोडला, परात काठोकाठ भरू दिली. दिवा जरा मोठा लागेल म्हणून. ओली माती खचली, परात कलंडली, पाणी थेट पायऱ्यांवर. राणी भिजली. लाल रेशमाचा रंग तिच्या चेहऱ्यावर उतरला. कापसाने टिपत बसलो. डाग जात नाही.

पद्मम्मा आल्या, बघितलं. "राणीला स्वल्प आत ठेवा, वाळू दे."
"मग राजा?"
"जोडी आहे सर. एकट्याला कसं ठेवणार?"
दोघंही आत. वरची पायरी रिकामी. पोरींना उसळ दिली.

२८ सप्टें., रवि.
सु.ला सांगितलं. रागावेल वाटलं होतं. आधी इंजिनियरसारखं विचारलं, "एकदम भरलंत?"

"हो."

"तसं भरायचं नसतं हो. आम्ही इथं थोडं भरतो आणि थांबतो. भिंतीतून किती झिरपतंय ते रोज बघतो. भिंत सांगते. मग पुढं. म्हणून तर उशीर होतोय." मग म्हणाली, "तुमचं मात्र कधी काही झिरपतच नाही. दसऱ्याला येत नाही म्हटलं, ठीक आहे. तीन वर्षं म्हटलं, ठीक आहे. मी काय समजायचं?"

 म्हणालो, मला एकटं वाटतं. या घरात फार एकटं वाटतं, आणि तिथं तुझ्या मागं मागं फिरायची लाजही वाटते.

फोनवर मी कधी असं बोललो नव्हतो. समोर बसूनही नाही.

"मलापण वाटतं," ती म्हणाली. "जेवायला बसते तेव्हा जास्त."

१ ऑक्टोबर, बुध.
आयुधपूजा. स्कूटर धुतली, हार घातला. पंपालाही कुंकू लावलं, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. डोंगर पुन्हा रचलाय, या वेळी विटा चिकटवून. परात रोज दोनदोन तांबेच भरतो.

तिथं दिवस आपल्यानंतर मावळतो. झोपायची तयारी करत होतो तेव्हा सु.चा मेसेज. आज पहिल्यांदा डिझेल बंद. सगळं गाव वरच्या तळ्याच्या पाण्यावर. सोबत फोटो, उतारावर पसरलेले दिवे. खाली लिहिलं होतं, मशीनला कुंकू लावलं, लोक बघत राहिले.

मोठा करून करून बघितला. त्यातलं तिचं घर कुठलं ते कळलं नाही. विचारलं. म्हणाली, माझं दिसणार नाही, मी इथं ड्यूटीवर, घरी दिवा कोण लावणार?

२ ऑक्टो., गुरु.
विजयादशमी. आमचं सगळं हिनकल उपनगर दसऱ्याची मिरवणूक बघायला म्हैसुरात. मी गेलो नाही. राणी वाळलीय. गालावर डाग आहे, असू दे. दोघांना पुन्हा वरच्या पायरीवर बसवलं आणि दिवेलागणीनंतर रिवाजाप्रमाणे आडवं करून झोपवलं. शेजारी शेजारी.

मेघना शेवटची उसळ खाऊन म्हणाली, "सर, पुढच्या वर्षी चरपु स्वल्प बदला." हो म्हणणार होतो. पुढचं वर्ष म्हटल्यावर थांबलो.

४ ऑक्टो., शनि.
बाहुल्या साड्यांत गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. नाचणी गाईला. राजा-राणी राहिले. ट्रंक बंद करून माळ्यावर चढवली आणि मग लक्षात आलं की ते टेबलावरच आहेत. लक्षात आधीच आलं असावं.

सु.चा फोन. "जोडी नीट ठेवलीत?"
"अजून बाहेरच आहे."
 या वेळी मी ठीक आहे वगैरे म्हणालो नाही.
मग हळूच विचारलं तिने, "विमानाच्या बॅगेत वजन किती भरेल हो त्यांचं?"
"काय की. कधी बघितलं नाही."

फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांना ठेवून बघितलं. तिला अजून सांगितलं नाही.