तांदळाच्या डब्यातला फोन

प्रिय अपूर्वा,

झोप नाही गं मला. जरा डोळा लागतो आणि फोन वाजल्यासारखा होतो, मी दचकून उठते आणि किचनच्या फळीकडे बघत बसते. फोन काही वाजलेला नसतो. तो बंद करून मीच तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय. घरात सांगितलंय, भांडी घासताना पाण्यात पडला. पाण्यात पडलेला फोन तांदळात ठेवतातच ना, म्हणून कुणी काही विचारत पण नाही. सासूबाई भाताला तांदूळ काढताना रोज तो उचलतात, पदराला पुसतात, सुकलो काय गो, असं त्यांच्या मालवणीत विचारतात आणि परत खुपसून ठेवतात. तो पाण्यात पडलेलाच नाही, अपू. तो चांगला आहे. चांगला आहे म्हणून तर भीती वाटते.

माझं अक्षर बघून हसू नको. आठवीत शाळा सुटली त्यानंतर एवढं एकदम कधी लिहिलंच नाही. तुझा नंबर फोनमध्येच राहिला, मला पाठ नाही. तुझा पत्ता मात्र तुझ्या आईच्या साडीच्या पिशवीवर लिहिलेला होता आणि ती पिशवी मी टाकली नव्हती. बाजूची शीतल तुमच्या गोरेगावला स्टुडिओत कपड्यांना इस्त्री करायला जाते, तिच्याकडे ही पिशवी देतेय. वर तुझ्या आईच्या साडीचे उरलेले काठ ठेवलेत, ते तुझेच आहेत. चिठ्ठी त्यांच्या घडीत आहे.

रेवा आता पळायला लागली. दोन वर्षांची होईल. विशालची एअरपोर्टला कार्गोची ड्युटी चालूच आहे, येतो तो थकलेला, जेवतो आणि झोपतो. आमच्या इथे कांजूरला वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा अजून तसाच वास येतो, खिडकी लावून घ्यावी लागते, मग आत गरम होतं, मग सासूबाई चिडतात. म्हणजे सगळं तसंच आहे बघ. बाहेरून बघितलं तर काही झालेलंच नाही.

माझं हे गोधड्या शिवून द्यायचं तुझ्यापासूनच सुरू झालं. तुझा शौनक पोटात होता आणि तुझी आई गेली. तू तिची ती हिरवी सुती साडी घेऊन आलीस, बाळाला पहिलं कापड जुनंच लागतं म्हणून. नवीन टोचतं, जुन्यात माणसाची ऊब असते, हे तुझी आईच सांगायची आपल्याला. मी कात्री हातात घेऊन बसले आणि कापवेना. तू रडत होतीस आणि वर मलाच ओरडत होतीस, काप ना गं बावळट, ती काय परत नेसणारे. मग तूच बोललीस, थांब, आधी फोटो काढ, कापल्यावर साडी राहणार नाही. तेव्हापासून माझी ती पद्धतच पडली. कुणाचीही साडी आली तरी आधी अख्खी पसरून फोटो, ती नेसलेल्या बाईचा फोटो असेल तर त्याचा फोटो, मग साडी कपाळाला लावायची, मग कात्री. आणि गोधडी झाली की त्यावर बाळाला झोपवून शेवटचा फोटो. लोकांना तेच आवडायचं. आजी आणि नातू शेजारी शेजारी दिसायचे.

ते फोटो लोकांना बघता यावेत म्हणून देवेशने मला इंटरनेटवर पान करून दिलं. माझा भाऊ कसा आहे तुला माहितीच आहे, कॉम्प्युटरचं जे शिकला ते सगळं घरच्यांसाठी वापरतो. जागा फुकट देणारी एक कंपनी होती, तिच्या जागेवर त्याने माझं पान लावलं. नाव एवढं लांब की सांगताना जीभ वळायची, त्यात अर्धं कंपनीचंच. तो तेव्हाच बोलला होता, ताई, हे थोड्या दिवसांसाठी हां, फुकट देणारा आपलं पोट कुठून तरी भरणारच ना, नंतर आपण पैसे भरून आपली जागा घेऊ. मी हो हो केलं. पान तर झकास चाललेलं. मी फोनवर उघडायची, गुलाबी रंग, वरती रेवाला मांडीवर घेऊन बसलेली मी, खाली गोधड्या, खाली माझा नंबर, ऑर्डरसाठी लताला फोन करा. मी कितीदा तरी नुसतीच बघत बसायची. आपलं नाव असं छापलेलं मी रेशनकार्डाशिवाय कुठे बघितलं होतं?

देवेश मागे लागायचा, पैसे भर ताई, भर ताई. आणि त्याच्या साखरपुड्याला, त्याच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर त्याने परत विषय काढला, तेव्हा मी बोलून गेले, एवढा मागे लागलायस, कमिशन मिळतं की काय रे तुला? सगळे हसले. मी पण हसले. तो नाही हसला. त्याच्या सासऱ्यांनी पण मग त्याची जरा मस्करी केली, काय जावईबापू, बहिणीकडून पण? त्याचा चेहरा मला अजून दिसतो. भाऊबीजेला आला नाही. फोन केला की कामात आहे ताई, आणि कट. मला वाटलं लग्नात बघू, रुसवा काढू, भाऊच आहे. तोवर मीच जास्त फोन केला नाही. मला पण अकड होती.

मग ते फोन यायला लागले. पहिल्या माणसाने विचारलं, रेट काय? मी सांगितला. बोलले, कापड तुमचं असेल तर कमी होईल. तो हसला. मागे अजून कुणीतरी हसलं. मग बोलला, घरी येणार का? मी बोलले, हो, जवळ असेल तर घरपोच देते. अपू, ते हसत होते आणि मला वाटलं चांगली माणसं आहेत, बाळ झालंय, खुशीत आहेत, म्हणून मी पण त्यांच्याबरोबर हसले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. भांडी घासताना मध्येच आठवतं आणि अंगावरून पाल गेल्यासारखं होतं. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि ते काय बोलले ते मला इथे लिहिता येणार नाही. माझं नाव घेऊन बोलायचे. लता. एकाने तर मुलगी कुठे झोपते असं विचारलं.

मला वाटलं कुणीतरी कुठल्या तरी संडासात माझा नंबर लिहिलाय. शीतलला बोलले, यार, काय वाट लागलीय बघ माझी. ती बोलली, अगं पण मग त्या बायका तुझ्या पानावर कशाला ठेवल्यास? मी बोलले, कुठल्या बायका? तिने तिच्या फोनवर माझं पान उघडून दाखवलं.

माझ्या फोटोच्या बाजूला, म्हणजे रेवाला घेऊन बसलेल्या माझ्या अगदी बाजूला, कपडे नसल्यासारख्या बायका होत्या. हलणाऱ्या. तुमच्या जवळच्या एकट्या बायका, आत्ता बोला, असं काहीतरी. आणि त्याच्या खाली माझा नंबर. कुणालाही वाटेल तो त्यांचाच आहे. म्हणजे माझाच. मी माझ्या फोनवर बघितलं तर काहीच नाही, तेच गुलाबी पान. मला वाटलं शीतलचा फोन खराब आहे. मग मी घाबरून माझ्याच फोनवर इकडेतिकडे दाबत गेले आणि कुठलं तरी बटण दाबून पानाच्या बाहेर पडले. परत उघडलं तर त्या बायका माझ्या फोनवर पण आल्या. तेव्हा कळलं. मालकीण म्हणून आत असेन तोवर ती कंपनी मला जाहिराती दाखवतच नव्हती. दुनियेला दाखवत होती. फक्त मला सोडून.

मी ते पान कुणाकुणाला पाठवलंय माहिती आहे? रेवाला ज्या बालवाडीत घालायचंय तिथल्या बाईंना. विशालच्या मोठ्या काकांना, ते देवगडला असतात, त्यांनी गावभर दाखवलं असेल. सगळ्यांनी बघितलं असणार आणि कुणी एक शब्द बोललं नाही. शीतलला बोलले, तू तरी सांगायचंस ना गं. ती खाली बघून बोलली, आम्हाला वाटलं त्याचे तुला पैसे मिळतात. मला वाटलं जमीन फाटावी.

आता मला आत जाता येत नाही. पासवर्ड मागतं, तो देवेशकडे. विसरलात का विचारतं, हो दाबलं की देवेशच्या मेलवर काहीतरी जातं. कंपनीला कळवायचं तर फोन नंबरच नाही त्यांचा कुठे. शीतलच्या मुलाकडून इंग्लिशमध्ये लिहून पाठवलं तर लगेच उत्तर आलं, मशीनचं. फुकटवाल्यांना मदत नाही, पैसे भरणाऱ्यांनाच आहे. पैसे भरते बोलले तर आधी आत या म्हणतात. आत कशी जाऊ?

रविवारी विशालला सुट्टी आहे. तो फोन स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन जाणार आहे, एवढ्या दिवसांत सुकला असेल बोलला. दुकानवाला फोन चालू करणार आणि तिथेच कुणाचा तरी कॉल येणार. विशाल मारणारा माणूस नाही गं. पण तो गप्प होतो. त्याची आई गावच्या एका बाईबद्दल कधीतरी असंच काहीबाही बोलली होती तेव्हा तो बोललेला, आग असल्याशिवाय धूर निघतो काय? ते वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. त्याने विचारलं की तू काय बोललीस त्या माणसाशी, तर मी काय सांगू? की मी हसले?

देवेशचा नंबर मला पाठ आहे, दहावीपासून तोच आहे त्याचा. शीतलच्या फोनवरून दोनदा लावला. एकदा त्याने उचलला, हॅलो हॅलो बोलला. भावाला काय सांगणार मी? की पुरुष मला हे असं विचारतात? बहिणीने भावाजवळ हे शब्द कसे काढायचे? आणि ज्याला चारचौघांत कमिशन खातो बोलले त्यालाच बोलू, तू म्हणत होतास ते खरं होतं? मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल राँग नंबर.

हे सगळं सांगून पण खरं ते मी अजून लिहिलेलंच नाही, अपू. त्या पानावर सगळ्यात वर माझ्या फोटोखाली पहिली गोधडी तुझी आहे. तुझी आई हिरव्या साडीत खिडकीत बसलेली, आणि बाजूला शौनक उघडा, गोधडीवर झोपलेला. त्या बायका त्यांच्या पण शेजारी आहेत. तुला मी विचारलं पण नव्हतं, लावू का म्हणून, नुसता फोटो छान आला म्हणून लावला. आणि तुझ्या आईचा तो फोटो माझ्या जुन्या फोनमधला, तो फोन गेला, तू मागितलास तेव्हा देते देते बोलले होते. आता तो दुसरीकडे कुठेच नाही, फक्त तिथे आहे. म्हणून देवेशला सांग, आधी फोटो उतरवून घे, तुझ्या आईचा पहिला, आणि मग सगळं पुसून टाक, माझं नाव पण. माझ्यावर राग काढायचा असेल तर नंतर काढ, मी ऐकून घेईन. तू त्याला लहानपणापासून दरडावत आलीयस, तुझं तो ऐकेल. आणि अपूर्वा घरी नसेल, पिशवी तिच्या सासूबाईंनी उघडली असेल, सौरभ भावोजींनी, नाहीतर खालच्या वॉचमनने जरी, जो कोण हे वाचतोय त्याच्या पाया पडते, माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, पण नंबर या कागदाच्या मागे लिहिलाय, रविवारच्या आधी माझ्या भावाला एक फोन करा. एवढंच सांगा, ताईने बोलावलंय.

तोंड दाखवायला लाजणारी, पण तुझीच,
लता