तिला आत येऊ द्यावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय भेदरलेल्या पाळीव जनावरांसाठी फुलांची औषधे करणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पोट ठिकाणावर नाही, पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची फुलझाडे, तसेच बँकेतील ठेव, माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावी. घर विकायचं तर खुशाल विकावं. फक्त झाडं फुलावर असताना उपटू नयेत, एवढी माझी भीड ठेवावी.

२. काचेचे वाडगे, गाळणी, ड्रॉपरच्या बाटल्या आणि उरलेली ब्रँडी शेजारच्या शिंपीणबाईंस द्यावी. त्यांना सगळं येतं, तरी लिहिते. फुलं सकाळच्या उन्हात पाण्यावर तरंगत ठेवायची, माना टाकू लागली की काढायची, आणि त्या पाण्यात तेवढीच ब्रँडी घालायची. ब्रँडी औषध टिकावं म्हणून असते, त्यांच्या यजमानांसाठी नाही. थेंब नेहमी जमिनीवर बसून द्यावेत. उभ्याने दिले की जनावराला वाटतं, हे आपल्याला धरायलाच आलेत.

३. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी भर दवाखान्यात माझ्या औषधाला "नुसतं पाणी आहे हो ते" असं म्हटलं, हे मी विसरलेले नाही. त्या या मृत्युपत्राच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील सांगतात, म्हणून माझा राग मी माझ्याबरोबरच नेते. ढग गडगडले की त्यांचं स्वतःचं मांजर माझ्याकडे यायचं, हे मात्र नोंदवून ठेवते. त्यावर त्या म्हणतात, "तुम्ही तासभर त्याला मांडीवर घेऊन बसता ना, त्यानं उतरते त्याची भीती." असेलही. भांडायला आता अंगात त्राण नाही.

४. माझी कुत्री भित्री हिचा सांभाळ मुलाने करावा. तो कबूल आहे. ती कुकरची शिट्टी, छत्री आणि झाडू यांना घाबरते. मी चपला घातल्या तरी थरथरते. तेव्हा चार थेंब द्यावेत आणि तिच्या पाठीवर हात ठेवून गप्प बसावं. "काही नाही, काही नाही" असं म्हणू नये. तिला कळतं.

५. आता पुढचं सावकाश वाचावं. माझे पती बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. एका सकाळी डबा घेऊन गेले, कामावरच कोसळले आणि दवाखान्यात वारले. थोरल्या दिरांनी त्यांना घरी न आणता तिथूनच अंत्यसंस्कार परस्पर उरकले. घरी आला तो फक्त डबा. आमचा भुऱ्या कुत्रा त्यांच्या यायच्या वेळी फाटकाशी जाऊन बसायचा. मी माझ्याजवळचं एकूण एक फूल त्याला देऊन पाहिलं. तो बिचारा माझं मन राखायला थेंब चाटायचा आणि परत फाटकाशी जायचा. पुढे त्याने खाणं सोडलं आणि तिथेच गेला. भीतीवर माझ्याकडे औषध आहे. वाट बघण्यावर नाही.

६. म्हणून मी गेल्यावर भित्रीला माझ्याजवळ आत येऊ द्यावे. दवाखान्यात प्राण गेला तर आधी घरी आणावे. माझा उजवा हात चादरीबाहेर ठेवावा आणि तिला हवं तेवढं हुंगू द्यावं. खोळंबलेल्या पाहुण्यांनी घड्याळाकडे बघू नये.

मागच्या आठवड्यात हे मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "नको गं आई. तिला मी त्या दिवसापुरतं आधीच मित्राकडे नेऊन ठेवतो. घाबरेल ती."

बाळा, तुझे मोठे काकाही हेच म्हणाले होते. "पोराला आणू नका, घाबरेल." तू नऊ वर्षांचा होतास. तुला तुझ्या मावशीकडे बसवून ठेवलं. मी रडले, ओरडले, पण त्या गर्दीत माझं कोण ऐकतंय! नंतर त्या फाटकाशी भुऱ्या एकटा बसायचा नाही रे. त्याच्या गळ्यात हात टाकून शेजारी कोण बसायचं, ते मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. चाळिशी उलटली तुझी, तरी अजून फाटक वाजलं की तू बोलता बोलता थांबतोस.

तेव्हा हे कलम तुझंही आहे. तिला एकटीला आत सोडू नकोस. तिच्याबरोबर तूही ये आणि जमिनीवर बस. मला नीट बघून घ्या. घाबराल दोघं. घाबरा. रडू आलं तर रडा. मग उठा, आणि बाहेर जाऊन फाटक लावून घ्या.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचून पाहिला, आणि खालील दोघांसमोर सही केली.

सही: (लिहून ठेवणारी)

साक्षीदार पहिला: फॅमिली डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरी: जनावरांच्या डॉक्टरीणबाई (सही. यांनी कलम सहा दोनदा वाचले, आणि त्या दिवशी भित्रीला आपण स्वतः आत आणू असे तोंडी कबूल केले.)

स्थळ: माझे स्वयंपाकघर
दिनांक: नऊ नोव्हेंबर, रविवार