व्हिडिओ कॉलवरून आलेली म्हैस

मुलुंड (पूर्व),
रविवार, दि. ११ फेब्रुवारी २०२४, सकाळी साडेसात. (गॅलरी झाडत होतो. का, ते पुढे येईलच.)

तीर्थरूप अण्णाकाका यांस सर्वेशचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? तेल कोमट करूनच लावता ना? पत्र बघून घाबरू नका, इकडची माणसे ठीक आहेत. गेल्या रविवारी खेळाच्या मध्येच तुमची रेंज गेली ती अजून आलेली दिसत नाही, आणि तुमच्या पश्चात (शब्द अशुभ आहे, माझा हेतू तसा नाही) जे झाले ते बाबांच्या मागे घरातले मोठे म्हणून तुम्हालाच कळवायला हवे.

खेळ आमच्या बहिणाबाईने, अक्षताने काढला. तिच्या अंधेरीच्या ऑफिसात नाटकवाले येऊन असले खेळ शिकवतात, म्हणजे माणसे एकमेकांशी बरी वागतात म्हणे. नियम तुम्हाला आठवत असेल : हातात काही नसताना आहे असे समजून एकाने दुसऱ्याला वस्तू द्यायची, दुसऱ्याने नाही म्हणायचे नाही, घ्यायची आणि वर स्वतःची भर घालायची. आता जगातले कुठलेही कुटुंब चेंडू देईल, फूल देईल. तुमच्याकडे रेंज फक्त गोठ्यामागे येते, त्यामुळे तुमच्या समोर जे उभे होते ते तुम्ही दिलेत. तेही एक वेळ चालले असते. पण तुम्ही सवयीने टोपी सारखी केलीत आणि गाऱ्हाणे घातलेत, “बा देवा म्हाराजा, ही म्हस आज सर्वेशाच्या दारात बांधलेली आसा, तिका सुखान नांदव रे म्हाराजा.” आणि आम्ही सगळे, अक्षतासुद्धा, “होय म्हाराजा” म्हणालो. (त्याच वेळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका जिन्यावरून चालले होते. तेही मूळचे मालवणचे. तेही म्हणाले.) लगेच तुमचा चेहरा गोठला आणि तुम्ही गेलात. अक्षताच्या म्हणण्याप्रमाणे तो खेळ आहे. आईच्या म्हणण्याप्रमाणे गाऱ्हाण्यात खेळ नसतो.

भर घालायची म्हणून अक्षताने म्हशीच्या गळ्यात घंटा बांधली. मग पाळी श्रुतिकाची. ही अक्षताच्या ऑफिसातली मैत्रीण, बोरिवलीला राहते, स्वभावाने फार चांगली. (जास्त लिहीत नाही.) खेळाच्या निमित्ताने आईने तिला बघावे, आणि खेळ संपला की मी आईला आमचे सांगावे, असे आम्ही ठरवले होते. श्रुतिकाने नियम बरोबर पाळला. ती म्हणाली, “आणि ती गाभण आहे.” आईचा चेहरा बदलला. तिने उठून गॅलरीतला कपड्यांचा स्टँड आत घेतला.

तेव्हापासून तो आतच आहे. कपडे पंख्याखाली वाळतात. दुसऱ्या दिवशी चंद्रप्रकाशकाका आले. मला वाटले, हे शिकलेले, बँकेतून निवृत्त झालेले, हे आईला समजावतील. त्यांनी चपला दाराबाहेर काढून विचारले, “लिफ्टने आणलीस की जिन्याने?” मी म्हणालो, व्हिडिओने. मग हरकत नाही म्हणाले, लिफ्ट नवीन आहे. मी त्यांना म्हशीचे नसणे दाखवायला गॅलरीत नेले. ते दाराशीच थांबले, अनोळखी माणसाला बुजेल म्हणून. त्यांचा तरी काय दोष, त्यांनीही होय म्हाराजा म्हटलेले.

मी आईला श्रुतिकाचे सांगितले. पहिल्याच भेटीत दुसऱ्याची म्हैस गाभण करणारी मुलगी तिला जरा आगाऊ वाटली. पण नाही असेही म्हणाली नाही. म्हणाली, “आधी अण्णाभावोजींची म्हैस सुखरूप त्यांच्या घरी जाऊ दे. एका वेळी दोघींचं करणं मला जमायचं नाही.” आणि तिकडे बोरिवलीला येत्या रविवारी श्रुतिकाला बघायला कोणी घाटकोपरचा मुलगा यायचा आहे. त्याची स्वतःची गाडी आहे. माझ्याकडे गॅलरी आहे, तीही सध्या मोकळी नाही. माझे विरारपासून ठाण्यापर्यंतच्या सगळ्या देवांना सांगून झाले आहे, परंतु म्हैस तुमची असल्यामुळे त्यांचा इलाज चालत नाही.

काकूंस नमस्कार. तुमच्या खऱ्या म्हशीला ही गोष्ट सांगू नये.

आपला आज्ञाधारक,
सर्वेश

ता. क. : खरे काम हे की, तुम्ही रेंज शोधून म्हैस परत नेण्याचे गाऱ्हाणे घाला, आणि त्याच दमात, श्वास न घेता, सर्वेश आणि श्रुतिकाचे लग्न निर्विघ्न पार पाड रे म्हाराजा, एवढे घाला. तुमच्या गाऱ्हाण्याला आई आजवर होय म्हाराजा म्हणायची चुकलेली नाही. मध्ये थांबलात तर ती विचार करेल.

ता. क. २ : बुधवार. पत्र टाकायचे राहिले ते बरे झाले. म्हैस परत नेऊ नका, काल संध्याकाळी ती व्याली. आईला काही सुचेना, तिने स्वतःच श्रुतिकाला व्हिडिओ लावला, फोन गॅलरीत कुंडीला टेकवला आणि दोघींनी मिळून सगळे केले. मला बाहेर थांबायला सांगितले. पारडी झाली. (मला अजून दिसलेली नाही.) आईने तबेल्यातून चीक आणून खरवस केला, एक वाटी चंद्रप्रकाशकाकांकडे गेली, आणि डबा भरून मला म्हणाली, “हा बोरिवलीला देऊन ये. आणि विचार तिला, कायमची कधी येतेस? मला एकटीला आता हे व्हायचं नाही.” श्रुतिकाने डबा घेतला आणि माझ्यासमोरच घाटकोपरच्यांना फोन करून कळवले की रविवारी जमणार नाही, मुलुंडला म्हैस व्याली आहे. तेव्हा अण्णाकाका, या वेळी गाऱ्हाणे माझे समजा, आणि होय म्हाराजा तेवढे तुम्ही म्हणा.