कारणाचा रकाना

प्रिय रत्ना,

हे पत्र हातानं लिहिते आहे, कारण मोबाईलवर लिहिलेलं पुसता येतं आणि मी पुसते. ग्रामसभा होऊन अकरा दिवस झाले. तेवढ्या दिवसांत तुझ्यासाठी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा पुसलं. शाळेत एका बाकावर होतो तेव्हा तू म्हणायचीस, "शिवे, तुझ्या पोटातलं काढायला चिमटा लागतो." अजूनही लागतो.

त्या दिवशी मी शाळेच्या भिंतीवर आपल्या डोंगराचा नकाशा दाखवला, तेव्हा तू मागे दाराशी उभी होतीस. एप्रिलच्या वणव्यात जळालेला उतार मी लाल रंगात दाखवला होता. अडतीस हेक्टर, तुमच्या धनगरवाड्याच्या खालपासून धावड्याच्या रानापर्यंत. शेजारी कारण लिहिलं होतं, ‘चराईसाठी लावलेली आग’. हैबतीमामा, तुझे आबा, उठले. "पोरी, ह्यो फोटू कुनी काढला?" मी म्हटलं, उपग्रहानं. "मंग त्येला म्हनावं, येकदा खाली उतर, च्या घे, आन मंग सांग कुनी लावली ती. वरनं समदं दिसतंय व्हय?" सगळे हसले, सरपंचही हसले. मामा हसले नाहीत. मी बटण दाबून पुढचा नकाशा आणला. सभा संपल्यावर तू मला गाडीपर्यंत सोडायला आलीस. म्हणालीस, "आबाचं मनाला लावून घ्यू नगंस. नोटीस आली तवा आईला म्हनत हुतं, शिवानी हाय की तितं, आपल्या चुलीम्होरं जेवल्याली पोर हाय, ती वंगाळ लिवायची न्हाई. वरच्या कुनी तरी बदललं आसंल."

वरच्या कुणी बदललं नाही, रत्ना. त्या नकाशामागचा आगींचा तक्ता मी भरला.

मंगळवारी भोरला वनखात्याच्या कचेरीत सुनावणी आहे, तुला माहीत आहे. ठपका टिकला तर तो उतार पाच वर्षं चराईला बंद आणि मामांवर वणवा लावल्याचा गुन्हा. नऊ म्हशी आणि बावीस शेरडं पाच वर्षं कुठं चारायची, याचं उत्तर माझ्या अहवालात नाही. मामांच्या विरुद्ध दोनच गोष्टी आहेत. एक माझा तक्ता. दुसरा, वणव्याच्या संध्याकाळी वनरक्षकानं काढलेला फोटो. मामा जळक्या उतारावर उभे आहेत आणि त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत काळे आहेत. तो माणूस दुपारपासून आग विझवत होता म्हणून काळा झाला, हे फोटोत येत नाही. मला ते माहीत होतं. आईनं फोनवर सांगितलं होतं, "हैबतीदादा नसतं तर वाडाच गेला आसता."

बाकीचा अहवाल खोटा नाही, हे सांगायचा मोह मला आवरत नाही. दोन वर्षं पाऊस सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच थांबला. त्या उतारावरचे धावडे शेंड्याकडून वाळत आले होते. मी मोजले तेव्हा दहांतले दोन उभ्याउभ्या मेलेले होते, आणि ते वणव्याच्या आधी. वरच्या अंगाला प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीनं रस्ता काढला आणि खालचा झरा फेब्रुवारीतच आटला. आम्ही खालच्या गावातले लोक दरवर्षी भाताच्या वाफ्यावर राब भाजायला ऐनाच्या फांद्या ओरबाडतो. बांधावरच्या एकशे चौदा ऐनांपैकी सत्त्याण्णवांना फक्त शेंड्याला पालवी होती, झाडू उभे केल्यासारखे. तुमची शेरडं कोवळी रोपं खातात, तेही खरं. जंगल एका कारणानं जात नाही. कोरड वर्षानुवर्षं लाकडात साठत जाते, शेवटी माणसाचं निमित्त होतं. हे वाक्य मी अहवालात घातलं आणि आमच्या संस्थेतल्या वरिष्ठांना ते फार आवडलं. ते मी कुणासाठी लिहिलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रत्येक आगीसमोर कारणाचा एक रकाना असतो. त्यात आपल्या शब्दांत काही लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. वीज, चराई, शेतातला राब, प्लॉटिंग, पर्यटक, अज्ञात. वीज शक्य नव्हती, त्या दिवशी आभाळात ढग नव्हता. ‘अज्ञात’ निवडलं की आमचा माणूस जागेवर जाऊन घरोघर चौकशी करतो. उपग्रहानं ती आग दुपारी एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी टिपली. त्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर पावणेचारशे मीटरचा चौकोन. त्या चौकोनात तुमच्या म्हशींची वाट येते आणि आमचं भाताचं वरचं खाचरही येतं. या पट्ट्यात बहुतेक वेळा ‘चराई’ निवडतात आणि कुणी का म्हणून विचारत नाही. मी ‘चराई’ निवडलं. चार सेकंदही लागले नाहीत.

आता त्या खाचराचं सांगते. आण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना धूर चालणार नव्हता. म्हणून त्या रविवारी राब भाजायला मी पुण्याहून आले. आईनं वाफ्यावर शेण, ऐनाचे टहाळ, पातेरा आणि वर माती, असं सगळं रचून ठेवलं होतं. फक्त बांधाच्या कडेचं गवत कापायचं राहिलं होतं. आण्णा राब नेहमी पहाटे भाजतात, वारा पडलेला असताना. आधी चार हात जागा साफ करतात आणि आग वाऱ्याच्या उलट चालेल अशा बाजूनं पेटवतात, म्हणजे ती सावकाश सरकते. मला हे सगळं पाठ आहे. पण मला दोनची एसटी गाठायची होती, सोमवारी कार्यालयात सादरीकरण होतं. आई म्हणाली, "ऊन कलू दे गं. डोंगराकडं वारं सुटलंय. न्हाई तर ऱ्हाऊ दे, मी आन सखूबाई उद्या तांबडं फुटायला भाजतो." मी म्हटलं, "आई, मी आगीचंच काम करते. मला नको शिकवूस."

काडी मी लावली, रत्ना.

पहिली पाच मिनिटं सगळं नीट चाललं होतं. मग एक पेटतं पान उडून बांधावर पडलं. सातवीत तू मला शिकवलं होतंस की आग झोडपायची नाही, ओल्या टहाळीनं दाबायची, झोडपली की ठिणग्या उडतात. मी झोडपली. गवत छातीएवढं वाढलेलं होतं. बांध चढून गेल्यावर आग मला दिसेनाशी झाली, तिचा आवाज तेवढा येत राहिला, पावसात पत्र्याचा येतो तसा. आईनं माझ्या हातातली टहाळी ओढून घेतली. "जा तू. गाडी जाईल तुजी. तू हितं नव्हतीसच." मी बॅग घेतली आणि गेले. उत्रोलीच्या पुढच्या वळणावर एसटीच्या खिडकीतून डोंगर दिसला. एक पांढरी रेघ उभी राहिली होती आणि खालून काळी होत चालली होती. शेजारच्या बाई म्हणाल्या, "कुनाचं पेटलंय गं त्ये?" मी म्हटलं, माहीत नाही. फोन माझ्या हातात होता आणि तुझा नंबर त्यात होता. वाऱ्याचा वेग आणि उतार धरून तुमच्या वाड्यापर्यंत आग पोचायला किती वेळ लागेल, याचं गणित मी मनात केलं. पन्नास मिनिटं आली. तरी मी फोन केला नाही.

आई माझ्या काडीबद्दल अजून एक शब्द बोललेली नाही. ग्रामसभेत ती पदराचं टोक तोंडाशी धरून बसली होती आणि मामा बोलत होते तेव्हा जमिनीकडं बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "जेवून जा." मला वाटतं, ती वाट बघते आहे की मी आधी बोलेन. आयुष्यात तिनं खोटं बोललेलं मला आठवत नाही. ‘तू हितं नव्हतीसच’ हे एक वाक्य तिला माझ्यामुळं बोलावं लागलं.

आज सकाळी मी एक जबाब लिहिला. तारीख, वेळ, आमच्या खाचराचा गट नंबर, काडी कुणी लावली आणि रकाना कुणी भरला. खाचर आण्णांच्या नावावर असलं तरी ते त्या दिवशी डोळ्याला पट्टी बांधून घरात पडून होते, हेही लिहिलं आहे. नोकरी राहणार नाही, ते ठीक आहे. दोन प्रतींवर सह्या केल्या आहेत. एक मंगळवारी मी स्वतः देणार आहे आणि मामांची माफी तिथंच, सगळ्यांसमोर मागणार आहे. पण मी मला ओळखते. मंगळवारच्या सकाळपर्यंत मला एखादं चांगलं कारण सापडेल. आण्णांचा डोळा, आईचं नाव, काहीही. म्हणून दुसरी प्रत या पाकिटात घातली आहे आणि पुण्याला भाजी घेऊन येणाऱ्या भिमादादाच्या टेम्पोबरोबर पाठवते आहे, पोस्टानं वेळेत पोचली नसती. अकरा वाजेपर्यंत मी कचेरीच्या दारात दिसले नाही तर हा कागद साहेबांच्या टेबलावर ठेव. माझ्यासाठी थांबू नकोस आणि मला फोन तर मुळीच करू नकोस. फोनवर मी तुला काहीतरी पटवून देईन आणि तू माझं ऐकशील. तू नेहमी ऐकतेस.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
शिवानी