तळ्याभोवतीची फेरी

त्सुकुबा, जपान, रविवार

प्रिय इमॅन्युएल,

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुला पाठवायचा प्रश्नच नाही.

आज तू मंत्री म्हणून आपल्या जुन्या विद्यापीठात भाषण केलंस आणि मी तुझी दुभाषी होते. एके काळी एकाच खोलीत राहायचो आपण. आज तू मला परक्या बाईला म्हणावं तसं, जपानी अदबीनं 'यामिनी-सान' म्हणालास आणि मी मान झुकवली.

तू म्हणालास, "नुकताच स्वतंत्र झालेला देश सायकल शिकणाऱ्या माणसासारखा असतो. मागून सीट धरायला एकच हात लागतो. चार जणांनी ओढाओढी केली की तो पडतो." मी त्याचं नीट जपानी केलं. लोकांनी माना डोलावल्या. मग एका विद्यार्थिनीने तुमच्याकडे तुरुंगात असलेल्या विरोधी उमेदवारांबद्दल विचारलं. तू म्हणालास, "आधी स्थैर्य." त्याचंही जपानी केलं. माझा आवाज हलला नाही. काहीच वाटलं नाही, एवढंच जरा विचित्र वाटलं.

शेवटी माझ्याकडे बघून तू हसलास. "मला सायकल हिनंच शिकवली. तळ्याभोवती पूर्ण फेरी होईपर्यंत हिनं हात काढला नाही." तेही मी जपानीत सांगितलं. टाळ्या पडल्या.

इमॅन्युएल, मी पहिल्या वळणालाच हात सोडला होता. तू मागे वळून बघितलंच नाहीस, आणि नंतर इतका खूश होतास की मी काही बोलले नाही. उरलेली सगळी फेरी तू एकट्यानेच मारलीस. मी बाकावर बसून बघत होते.

आजच्यापुरती तुझा आवाज झालेली,
यामिनी