हाताला गुण

१२ नोव्हेंबर

आजपासून मेडिसिन वॉर्ड. माझ्या वाट्याला बेड नऊ. भागूबाई, वय अडुसष्ट, पुणतांब्याच्या. पॅरालिसिस. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली, नाकात नळी. दिशा म्हणाली, सुटलीस, बोलणारा पेशंट नाही म्हणजे डोक्याला ताप नाही. ती माझी रूममेट, तिला सगळ्यात सुटकाच दिसते. दर दोन तासांनी कूस कोण बदलणार? आजी अंगाने भरलेल्या आणि मी ही अशी काडी. संध्याकाळपर्यंत कंबर धरली.

डावा हात मात्र जिता आहे. निघताना त्या हाताने माझा ॲप्रन धरून ठेवला. सोडवून घ्यायला जिवावर आलं.

१५ नोव्हेंबर

आजींचा थोरला मुलगा भागवत रोज येतो. स्टुलावर बसून मी काय करते ते बघत असतो, मोबाईलसुद्धा काढत नाही. आज म्हणाला, "सिस्टर, तुमच्या हाताला गुण हाय." मी फुगले! थर्ड इयरच्या पोरीचं कौतुक कोण करतंय? इन्चार्ज सिस्टरने सकाळीच सगळ्यांसमोर झापलं होतं.

मग विचारलं, गाव कुठलं? बेलापूर. आडनाव? वडील काय करतात? भाऊ किती? मी पोपटासारखी सगळं सांगत गेले. चहा पाजला त्यांनी.

१९ नोव्हेंबर

उद्या आजींना डिस्चार्ज. नातेवाइकांना शिकवायचं काम माझं. भागवतभाऊंची बायको राजेश्वरी नाकाला पदर लावून पायथ्याशी उभी. कूस कशी बदलायची, नळीतून पातळ कसं द्यायचं, पाठ रोज कशी बघायची — सगळं पुन्हा पुन्हा करून दाखवलं. म्हटलं, ताई, आता तुम्ही करा. त्या मागे सरकल्या. "आमच्याच्यानं न्हाई व्हायचं बाई. तुमचं शिक्षान हाय त्याचं."

भागवतभाऊंनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. बराच वेळ. मला वाटलं बायकोवर चिडलेत.

२० नोव्हेंबर

आजींना घरी नेलं. बेड नऊवर दुपारीच दुसरा पेशंट.

२८ नोव्हेंबर

आईचा फोन. स्थळ आलंय. पुणतांब्याचं! मुलगा गोरक्ष, भागवतभाऊंचा धाकटा भाऊ. पेरूची बाग, स्लॅबचं घर. हुंडा नको, मानपान नको. "संस्कृती, देवानं दारात आनून दिलं बग. तुझं काम बगितलंय म्हनं त्यांनी."

मी म्हटलं, आई, त्यांना सून नकोय, सिस्टर हवीये. स्वतः शिकायचा कंटाळा, म्हणून शिकलेलीच न्यायला निघालेत. आई म्हणाली, "सासूचं समद्याच करत्यात. तूच काय नवलाईची हाईस का?"

पप्पांनी फोन घेतला. त्यांचं एकच, पुणतांब्यातून नगरला तुझ्या कॉलेजात जायला रेल्वे हाय की, चौथं वर्ष तिकडून कर. सकाळच्या ड्युटीला वेळेवर पोचवते का ते रेल्वेला कोणी विचारलंय?

३० नोव्हेंबर

दिशाला सांगितलं. आधी हसली. मग म्हणाली, मुलगा तरी कसा आहे? काय सांगू. तो वॉर्डात कधी आलाच नाही. आईला बघायला एकदाही नाही.

७ डिसेंबर, रविवार

पुणतांब्याला घर बघायला गेलो. पोरीलाही आणा असा त्यांचा निरोप. ठरवून गेले होते — तोंड पाडून बसायचं, विचारलं की सरळ नाही म्हणायचं. जुना ड्रेस घातला म्हणून आई जीपमध्ये माझ्याशी बोलली नाही.

पोहे आले. गोरक्ष समोर. त्याने एकच गोष्ट विचारली, "परीक्षा बाहेरून देता येती का?" नर्सिंगची! मी तोंड उघडणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून वास आला. तो वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. बेडसोअर.

पाय आपोआप उठले. आजी एकाच कुशीवर पडलेल्या, कोण जाणे कधीपासून. कमरेच्या खाली तळहाताएवढी जखम. मला बघितलं आणि डाव्या हाताने ओढणी धरली. मग मला बाकी काही सुचलंच नाही. उकळून कोमट केलेलं पाणी मागितलं, धुतलेलं जुनं लुगडं मागितलं. जखम धुतली, चादर बदलली, कूस बदलली, पाठीशी उशी लावली. राजेश्वरीताईंवर ओरडले, एवढं शिकवलं होतं ते कुठे गेलं? त्या म्हणाल्या, "दोन लेकरं, चार गुरं, दहा मान्सांचा सयपाक. कवा करू, तूच सांग." त्यांचे डोळे भरले होते.

हात पुसत बाहेर आले. सगळे खूश! भागवतभाऊ पप्पांना पेढा भरवत होते. "आता इचारायचं काय ऱ्हायलंच न्हाई."

मी नाही म्हणायला गेले होते. ओल्या हातांनी तिथे उभी राहिले. तोंडाने नाही म्हणायच्या आधी हातांनी हो म्हणून टाकलं. स्वतःच्याच हातांचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

१० डिसेंबर

साखरपुडा चार जानेवारीला. मला कोणी विचारलं नाही. कॉलेजात मॅडमना सांगावं का? गेल्या वर्षी सिनियर मुलीचं असंच झालं तेव्हा मॅडम तिच्या लग्नात जेवून आल्या.

१३ डिसेंबर

राजेश्वरीताईंचा व्हिडिओ कॉल. जखमेत पू झालाय, कडा काळ्या पडल्यात. म्हटलं, आजच्या आज दवाखान्यात न्या. मागून भागवतभाऊंचा आवाज आला, "आता तीच येती की घरी. तवर काय हुतंय?"

पप्पांना फोन केला. तुम्ही तरी सांगा त्यांना, ॲडमिट करा म्हणावं. पप्पा म्हणाले, "आत्तापासूनच त्यांच्या घरात तोंड घालू नगं."

१९ डिसेंबर

परत मीच फोन केला. ताप आहे म्हणे. न्या म्हटलं. बघू म्हणाले. मी इथे कुणाला सांगू, कुठे जाऊ? मी अजून त्यांची कोणी नाही, आणि आता त्यांची सिस्टरही नाही.

२२ डिसेंबर

सकाळी कॉलेजात प्रार्थनेला उभी असताना आजींबद्दल मनात जे आलं ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही.

२४ डिसेंबर

आजी वारल्या. राजेश्वरीताईंचा मेसेज.

चादरींच्या खोलीत जाऊन रडले. दिशाला वाटलं, लग्न टळलं म्हणून रडतेय. आईला फोनवर वाटलं, लग्न लांबलं म्हणून. ती म्हणाली, "साखरपुड्यापतूर जगल्या असत्या तर बरं झालं असतं." मी फोन ठेवला. माझ्या डोळ्यांसमोर तो ॲप्रन धरलेला हात होता. मी इथे दुसऱ्या कुणाच्या आईची कूस बदलत होते आणि तिकडे त्या तशाच पडून राहिल्या.

३ जानेवारी

पप्पा दहाव्याला जाऊन आले. भागवतभाऊ म्हणाले म्हणे, आता आमाला घाई न्हाई, गोरक्षला पोरगी जरा उंच पायजे. पप्पांचा आवाज बसला होता. "लई इचार करतोय बग. तुझ्यात काय खोट काढली असंल गं त्यांनी?"

मी म्हटलं, "काही नाही पप्पा. त्यांचा पेशंट गेला."